काकांच्या दारातली फुली

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई नगरसेविका असून असं कसं बोलते. नगरसेविका मी मागच्या निवडणुकीत झाले. शिवणकाम त्याच्या कितीतरी आधीपासून करते, आणि दोन्हीकडे लोक मला एकच प्रश्न विचारतात : ताई, कधी होणार?

तर आमची नगरपालिका. फार मोठं प्रकरण नाही. एक लांब खोली, त्यात एक लांब टेबल, आणि टेबलाखाली एक आडवी फळी, जिच्यावर प्रत्येकाचा गुडघा एकदा तरी आपटतोच. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की माणसं उठतात. नगराध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. बोलतातही असे की गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर तेच समजावून देतायत. त्यांच्या समोर बसतात चष्मेवाले. त्यांचे चष्मे दोन, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि कुठल्याही विषयावर वाक्य एकच : "माझा विरोध नाही, पण…" त्या 'पण'नंतर चहा येतो, चहा संपतो, कप उचलून नेतात, तरी यांचं 'पण' चालूच असतं.

विषय काय, तर गटारावरची फुटलेली झाकणं, बाजारातल्या स्वच्छतागृहाचं न लागणारं दार, वळणावरचा बंद दिवा. यावर कोणी भाषण ठोकत नाही आणि कोणाचा फोटो छापून येत नाही. पण खरं सांगू, मला हे काम मनापासून आवडतं. नव्या झाकणावरून एखादी बाई बिनधास्त सायकल दामटत गेली, की मला दिवसभर बरं वाटतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोणाच्या दारासमोर काही बांधायचं असेल, खांब म्हणा, नळ म्हणा, तर आधी त्या जागी चुन्याची मोठी फुली मारतात. कायद्याप्रमाणे हरकत लेखी द्यायची असते. पण लिहितंय कोण! त्यामुळे ज्याच्या दारात फुली, त्याला ते काम नको असेल तर त्याने सरळ स्वतःच्या पायाने ती पुसून टाकायची, तीही दिवसाउजेडी. पुढच्या सभेपर्यंत फुली राहिली तर काम मंजूर, पुसली तर बाद. दुसऱ्या कोणी पुसलेली धरत नाहीत. कोणी सुरू केली ही पद्धत, देव जाणे, पण चालते झकास. सगळ्या गल्लीदेखत पाय घासायचा म्हटल्यावर उगाच खोड काढणारा चार वेळा विचार करतो.

सगळ्यांचे विषय मंजूर करता करता एकदा मी माझा मांडला. आमच्या गल्लीत मधोमध एक बाक. सिमेंटचा, मागे पाठ टेकता येईल असा.

"कोणासाठी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बसणाऱ्यासाठी."

"माझा विरोध नाही, पण…"

"विरोध नाही ना? मग बसा खाली."

सगळे हसले, तेही हसले, आणि फुली मारायचं ठरलं.

कोणासाठी ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे सासरे. बाजारातलं सायकल दुरुस्तीचं दुकान त्यांनी उभं केलं, आता आमचे हे चालवतात. पण चालवतात म्हणजे नावाला. सकाळी दुकानात जाऊन स्टुलावर बसायचं, यांनी घट्ट केलेला नट सैल करायला लावायचा आणि पुन्हा घट्ट करून घ्यायचा, गिऱ्हाइकाला "हवा भरत जा, बाबा" म्हणून दम द्यायचा, यात अप्पांचा जीव. दुकान काही परदेशात नाही. गल्ली संपली की बाजार, बाजारात शिरलं की दुकान. पण अप्पांचे गुडघे गेले. गल्लीच्या अर्ध्यात पोचले की पाय लटपटायला लागतात, आणि टेकायला जागा नाही. एकदा भर रस्त्यात खाली बसले. उचलायला माणसं जमली, कोणी पाणी मारलं, कोणी म्हातारा गेला म्हणून घरी निरोपसुद्धा दिला. त्या दिवसापासून अप्पा घरात.

"यांच्या स्कूटरवर बसून जा ना," मी म्हटलं.

"मागे बसून? मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

"मग काठी घ्या."

"काठीवर बसता येतं का?"

"बरं, आम्ही कोणीतरी खुर्ची घेऊन बरोबर चालतो."

"त्यापेक्षा बँड लावा! सगळ्या गावाला कळू दे."

मी मशीनवर जाऊन बसले. पण मला दिसत होतं ना. दाढी करायचे थांबले. संध्याकाळी हे घरी आले की आज कोणाची सायकल आली, काय निघालं, सगळं खोदून खोदून विचारायचे, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. धडधाकट माणूस घरात वाळत चालला होता. मला बघवत नव्हतं.

आणि त्या अर्ध्या वाटेवर नेमकं कोणाचं घर? तर काकांचं.

काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. दोघं एका ताटात जेवले, एका दुकानात राबले, आणि एके दिवशी गिऱ्हाइकांसमोर बोलाचाली झाली ती झालीच. कशावरून झाली ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. मी दोघांना वेगवेगळं विचारून पाहिलंय. दोघांच्या गोष्टीत सायकलसुद्धा वेगळी आहे. तेव्हापासून अबोला. काकू गेल्या तेव्हा अप्पा त्या घरी गेले, कोपऱ्यात उभे राहिले, आणि एक अक्षर न बोलता परत आले. आता काका एकटेच असतात. एकाच गल्लीत राहून दोन भाऊ एकमेकांना अशी हूल देऊन जातात की बघणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही.

मी नगरपालिकेच्या इंजिनिअरबाईंना म्हटलं, "जरा अलीकडे-पलीकडे बघा ना."

त्यांनी टेप लावून पाहिली. अलीकडे नळाची लाइन, पलीकडे विजेचा खांब, समोरच्या घरांची दारं थेट रस्त्यावर उघडणारी. बाक बसेल अशी जागा एकच निघाली, काकांच्या ओट्याला लागून.

"पुन्हा एकदा बघा."

"ताई," त्या वैतागून म्हणाल्या, "गल्ली उसवून पुन्हा शिवता येत नाही."

माझ्याच धंद्यातलं बोलून मला गप्प केलं. फुली मारली. काका हाताची घडी घालून दारात उभे होते. त्यांनी चुना बघितला, मला बघितलं, आणि आत निघून गेले. मी म्हटलं, संपलं. माझी पाठ वळली की हे पुसणार.

पण पुसेनात. इस्त्रीवाला रोज मला बातमी द्यायचा, "ताई, आज नक्की पुसणार बघा, मघाशी फुलीजवळ उभे होते." उभे होते, ते झाडायला. ओटा झाडला, दार झाडलं, आणि फुलीच्या कडेकडेने असा हलका झाडू फिरवला की चुन्याचा कण हलला नाही. समोरची बाई अंगण धुऊन पाणी सोडायला लागली तर काका धावले, विटांचे तुकडे लावून पाणी दुसरीकडे वळवलं. एक भाजीची हातगाडी फुलीवरून जाता जाता राहिली, तर त्यांनी आतून मोठी टोपली आणून फुलीवर पालथी घातली. चुन्यावर टोपली! मी येता-जाता बघायचे आणि माझं मन उगाच हरखायचं. बोलायला मात्र घाबरत होते, बोललं आणि बिघडलं तर?

घरी मी अप्पांना एवढंच सांगितलं होतं की गल्लीत मध्यावर बाक होतोय. कोणाच्या दारात ते गिळून टाकलं. पण पेपरवाल्याला कुठे राहवतंय! त्याने पेपरबरोबर तीही बातमी घरपोच दिली. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं, तरी अप्पांनी मागितलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी दोरे आणायला बाजारात निघाले. लांबूनच दिसलं. टोपली बाजूला पडलेली, आणि फुलीच्या जागी नुसता पांढरा फराटा.

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस जपली ती काय शेवटच्या दिवशी पुसायला? मी भर गल्लीत आवाज लावला. "काका! बाहेर या आधी! काय मिळालं हो तुम्हाला? तुमचा सख्खा भाऊ घरात कुजतोय आणि तुम्हाला दारात एक बाक सहन होत नाही? एवढा कसला तो राग?" इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला. समोरच्या खिडक्या उघडल्या. मी थांबायचं नावच घेईना. "पुसायची होती तर पहिल्याच दिवशी पुसायची होती ना! आम्हाला आशेला कशाला लावलंत?"

काका पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. "झालं बोलून?" ते म्हणाले. "झालं असेल तर जरा बाजूला बघ."

मी बघितलं. ओट्याच्या कोपऱ्यात, उघड्या दाराच्या आड, अप्पा बसले होते. घामाने डबडबलेले. उजवी चप्पल चुन्याने पांढरीफेक.

"ओरडू नकोस," अप्पा म्हणाले. "मी पुसली."

इकडे इस्त्रीवाला खुदकन हसला, त्याच्याकडे मी असं बघितलं की तो आत पळाला.

"तुम्ही? अहो, तुमच्यासाठी तर होता बाक!"

"म्हणूनच पुसली. याच्या दारात मी बसू? गावाला दाखवायला?"

"आणि आता कुठे बसलाय?"

काय घडलं होतं ते मग काकांनी सांगितलं. मी मशीनवर असताना अप्पा गुपचूप बाहेर पडले, भिंत धरत धरत इथवर आले, टोपली लाथेने उडवली, मोठ्या ऐटीत फुलीवर पाय घासला, आणि परत फिरायला म्हणून वळले तर गुडघे म्हणाले, आता नाही. पुसायला यायचं ठरवलं होतं, परत जायचं कसं ते ठरवायचं राहिलं होतं. खाली बसणार तेवढ्यात काकांनी काखेत हात घालून त्यांना ओट्यावर टेकवलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, बसलोय," काका म्हणाले. "त्याला सांग, पाणी पी म्हणावं."

मी अप्पांकडे वळले. "अप्पा, पाणी प्या म्हणतायत."

"त्याला सांग, मला तहान नाही."

"त्याला सांग, ओठ सुकलेत."

"त्याला सांग, माझे ओठ मी बघून घेईन."

"अहो, मी काय इथे टपाल वाटायला आलेय का?" मी ओरडले. "एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलायत, आणि मी मध्ये!"

दोघंही दचकले. अप्पांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. समोरून एक सायकल करकरत गेली. दोघांनी एकदमच तिच्याकडे बघितलं आणि दोघांनी एकदमच तोंडं वाकडी केली. मला हसू आवरेना, पण मी ते दाबलं. थोड्या वेळाने अप्पा उठले, स्वतःच्या पायांनी घरी आले, वाटेत कुठेही न थांबता. मी मागे मागे चालत होते आणि मनात म्हणत होते, बघा, अर्ध्यात एकदा टेकलं की बाकीचं अर्धं होतं. बाक पाहिजेच. आता मी ऐकायची नाही.

दुसऱ्या दिवशी सभा. झाकणांचा विषय झाला, दिव्याचा झाला. मग माझा आला.

"फुली पुसलेली आहे असं इंजिनिअरबाईंनी कळवलंय," नगराध्यक्ष म्हणाले. "तेव्हा…"

"पुसली ती घरमालकाने नाही," मी उभी राहिले. उठताना गुडघा त्या फळीवर आपटला, पण राग इतका होता की दुखलंसुद्धा नाही. "माझ्या सासऱ्यांनी पुसली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण ते घर त्यांचं नाही. त्यामुळे हरकत धरता येणार नाही आणि बाक मंजूर झाला पाहिजे."

कोणी हसलं नाही. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. "नियम तर तसाच आहे."

"बरोबर," नगराध्यक्ष म्हणाले. "परक्या माणसाने पुसलेली फुली आपण धरत नाही. तर मग बाकाचा विषय…"

"परका कोण?"

आवाज मागून आला, लोकांना बसायला खुर्च्या ठेवलेल्या असतात तिथून. काका उभे होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट. ते आल्याचं मला माहीतच नव्हतं.

"परका कोण म्हणालात तुम्ही?" त्यांनी पुन्हा विचारलं. "तो माझा दादा आहे. माझं दार ते त्याचं दार. त्याने पुसली म्हणजे मी पुसली. हरकत धरा."

दादा. हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता. तरी मी भांडले, नाही भांडले तर ती मी कसली.

"काका, मग इतके दिवस टोपली घालून ती फुली जपत कशाला होतात?"

"तेव्हा वाटलं, माझ्या ओट्यावर तर तो या जन्मात बसायचा नाही, निदान दारासमोरच्या बाकावर तरी बसेल. आतून दिसेल तरी." त्यांनी हात खुर्चीवरून काढला. "काल ओट्यावर बसला. पाणी प्यायला. आता बाक कशाला? बाक येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असतो. माझा भाऊ माझ्या दारात येणार आणि नगरपालिकेच्या बाकावर बसणार? मी काय मेलोय का?"

नगराध्यक्षांनी समोरचे कागद उगाच सरळ केले आणि मग माझ्याकडे बघितलं. "ताई, विषय तुमचा आहे. काय करायचं?"

इतक्या मेहनतीने आणलेला विषय, तो पाडायला निघालेला माणूस समोर, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"विषय मागे घेते," मी म्हटलं.

"विषय मागे घेतला," नगराध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय. स्वच्छतागृहाचं दार."

घरी आले तेव्हा अप्पा उंबऱ्यातच उभे होते. आज दाढी केलेली दिसत होती.

"काय झालं बाकाचं?"

"बाद."

"का? हरकत कोणाची?"

मी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि काका जे जे बोलले ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाले तेही सांगितलं. अप्पा ऐकत राहिले. मध्येच त्यांनी तोंड फिरवलं आणि दाराची कडी उगाच वर-खाली करत बसले. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. त्यांना थोडा वेळ एकटं राहू द्यावं म्हटलं.

चहा घेऊन आले तर अप्पा बाहेर गल्लीकडे बघत होते.

"त्याला सांग," ते म्हणाले, "उद्या सकाळी दुकानात जाताना मी…"

आणि थांबले. मी वाट बघत उभी राहिले.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "तू नको सांगूस. मीच सांगतो त्याला."